लाल त्रिकोणाखालचा चहा

कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अफगाण चर्च लागते. 1838 ते 1842 च्या अफगाण मोहिमेत कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेले हे प्रार्थनामंदिर 1858 साली खुले झाले. आत उंच कमानी, रंगीत काचा, भिंतींवर मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या, हे सगळे अपेक्षेप्रमाणेच आहे. नजर अडकते ती बाकांवर. त्यांना बंदुका टेकवायच्या खाचा केलेल्या आहेत. 1857 च्या धसक्यानंतर गोरा सोजीर उपासनेलाही हत्यारानिशी जाई, म्हणून ही सोय. समोर वेदीपाशी शत्रूवर प्रीती करायला सांगणाऱ्या पुस्तकाचे वाचन चाललेले आणि हाताशी बंदूक.

या विसंगतीवर धर्मपंडितांनी कपाटेच्या कपाटे भरतील एवढे लिहून ठेवले आहे. युद्ध न्याय्य केव्हा, ख्रिस्ती माणसाने तलवार उचलावी का, वगैरे. ते वाद मोलाचे आहेत, पण थंडीत कुडकुडणाऱ्या शिपायाला त्यांचा उपयोग नसतो. मला कुतूहल आहे ते त्या वादाच्या खालच्या पायरीवर बसून चुलीवर किटली ठेवणाऱ्यांचे. सैनिकाला चहा देणे, त्याचे पत्र लिहून देणे, त्याचे पैसे घरी पोचवणे, आजाऱ्याला पचेल असे अन्न रांधणे, मरणाऱ्याजवळ बसणे, ही कामे गेली पावणेदोनशे वर्षे ख्रिस्ती माणसे संघटित रीतीने करत आली आहेत. या साऱ्या कामाकडे सलग पाहिले तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. जिथे उपदेशाला मनाई झाली किंवा उपदेश आपणहून मागे ठेवला गेला, तिथे सेवा उत्तम झाली. जिथे एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात काहीतरी वेगळे होते, तिथे शिपायाने ते दुसरे आधी ओळखले.

सुरुवात क्रिमियाच्या युद्धापासून करायची रीत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 38 बायका घेऊन नोव्हेंबर 1854 मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. त्यांत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनी होत्या आणि पगारी परिचारिकाही होत्या. थोड्याच दिवसांत मरणपंथाला लागलेल्या शिपायाला कोण कोणत्या पंथात ओढते यावरून कुजबुज आणि तक्रारी सुरू झाल्या, आणि जखमा धुण्याइतकेच हे भांडण निस्तरण्यात नाइटिंगेलचे डोके खर्ची पडू लागले. दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपण तिला शाळेपासून ओळखतो. तिचे मला सर्वांत आवडते काम मात्र मनीऑर्डरीचे आहे. शिपाई पगार दारूत उडवतो, तो जात्याच तसला, असे अधिकारी बेधडक सांगत. नाइटिंगेलने पाहिले की घरी पैसे पाठवायची धड सोयच नाही, तर बिचारा करणार काय? ती स्वतः आठवड्यातून ठरल्या वेळी बसून शिपायांचे पैसे घेऊ लागली आणि इंग्लंडातल्या नातलगांमार्फत ते घरोघर पोचवू लागली. मग सरकारला जाग आली आणि मनीऑर्डरीची कचेरी निघाली. जोडीला वाचनाची खोली आणि कॉफीचे दुकानही. दारूबंदीवर एकही प्रवचन न देता दारूचा खप कमी करायचा हा मार्ग.

अमेरिकेच्या यादवी युद्धात या कामाला पहिल्यांदा मोठ्या संघटनेचे रूप आले. नोव्हेंबर 1861 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या पुढाकाराने ‘युनायटेड स्टेट्स ख्रिश्चन कमिशन’ स्थापन झाले. फिलाडेल्फियाचा व्यापारी जॉर्ज स्टुअर्ट त्याचा अध्यक्ष. युद्ध संपेपर्यंत सुमारे 5,000 स्वयंसेवकांनी बिनपगारी काही आठवडे छावण्यांत आणि रुग्णालयांत काढले. बायबलच्या प्रती आणि धर्मपत्रके त्यांच्या पिशवीत असत हे खरेच. पण शिपायांनी नाव ठेवले ते दुसऱ्याच वस्तूला. जेकब डंटन नावाच्या माणसाने तोफेच्या गाड्यासारख्या चाकांवर कॉफीचे बंब बसवून दिले होते. खाली विस्तव, वर उकळते पाणी, आणि हा गाडा जखमींच्या रांगेतून धूर सोडत फिरायचा. शिपाई त्याला ख्रिस्ती तोफखाना म्हणत.

याच कमिशनच्या आश्रयाने आयोवाच्या अ‍ॅनी विटनमायर या बाईने रुग्णालयांत पथ्याची स्वयंपाकघरे काढली. तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. रुग्णालयात फेरी मारताना तिला खाटेवर आपलाच भाऊ दिसला. तापाने पोखरलेल्या त्या पोरापुढे टिनच्या थाळीत चरबीने माखलेले डुकराचे मांस, पावाचा तुकडा आणि काळी कॉफी ठेवलेली, आणि तो ती थाळी दूर लोटत होता. खंदकातल्या धडधाकट गड्याला मिळणारी शिधापत्रकातली रसदच खाटेवरच्या रोग्याला वाढली जात होती. वेगळे काही रांधायचे हे कुणाच्या डोक्यातच नव्हते. बाईंनी डॉक्टरांकडून रोग्यागणिक चिठ्ठी घ्यायची पद्धत सुरू केली. कुणाला भाजलेला पाव आणि चहा, कुणाला नुसते सूप. आपल्याकडे आजाऱ्याला मऊ भात नि साधे वरण द्यावे हे कुठल्याही घरात सांगावे लागत नाही. सैन्याला ते शिकवायला एक बाई लागली.

कवी वॉल्ट व्हिटमनकडेही 1863 साली या कमिशनचे नेमणूकपत्र होते. वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत तो संत्री, गोळ्या, तंबाखू, कागद आणि तिकिटे घेऊन हिंडे, आणि ज्यांना लिहिता येत नसे किंवा ज्यांचा हात गेलेला असे त्यांची पत्रे लिहून देई. कुणी मागितले तर बायबलही वाचून दाखवी. मागितले तर, एवढेच त्याचे पथ्य.

ब्रिटनमध्ये बंदरांतली आणि छावण्यांतली ‘घरे’ ही अशीच बायकांची करणी. अ‍ॅग्नेस वेस्टन यांनी 1876 मध्ये डेव्हनपोर्टला खलाशांसाठी विश्रामगृह काढले. जहाज बंदराला लागले, खिशात पगार आला, की वाट दारूच्या गुत्त्यावरूनच जायची. त्या वाटेवर स्वच्छ बिछाना आणि गरम जेवण उभे केले. 1918 साली त्या वारल्या तेव्हा नौदलाने त्यांना मानाची अंत्ययात्रा दिली. आयर्लंडच्या एलिस सँडिस यांनीही सैनिकांसाठी अशीच घरे काढली, त्यांतली काही हिंदुस्थानच्या छावण्यांतही होती. ती गोऱ्या शिपायांसाठी होती. काळ्या शिपायाचे काय, हा प्रश्न 1914 पर्यंत कुणी मोठ्याने विचारला नव्हता.

1914 कडे येण्याआधी त्रिकोणाबद्दल. लाल त्रिकोण म्हटला की पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला दवाखान्याच्या भिंतीवरचे कुटुंब नियोजन आठवते. त्याच्याही कितीतरी आधी, तसाच टोक खाली केलेला लाल त्रिकोण वायएमसीएचे चिन्ह होता. शरीर, मन आणि आत्मा या त्याच्या तीन बाजू. जॉर्ज विल्यम्स या कापड दुकानातल्या नोकराने 6 जून 1844 रोजी लंडनमध्ये आपल्यासारख्या तरुण नोकरांसाठी सुरू केलेली ही संस्था. पहिले महायुद्ध पेटल्यावर पहिल्या दहा दिवसांत तिने ब्रिटनमध्ये सैनिकांसाठी 250 केंद्रे उघडली. लाकडी खोपट किंवा तंबू, वर लाल त्रिकोण, आत चहाचे पिंप, गोड पाव, टेबलावर लिहायचा कागद. कागदाच्या माथ्यावरही तोच त्रिकोण छापलेला. आजही युरोपातल्या जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या त्या काळच्या पत्रांच्या डोक्यावर तो सापडतो. फ्रान्समधल्या रुग्णालयात शेवटच्या घटका मोजणाऱ्या शिपायाच्या आईबापांना इंग्लंडहून आणून उतरवून घ्यायचे कामही वायएमसीएने अंगावर घेतले होते.

सप्टेंबर 1914 च्या अखेरीस हिंदी फौज मार्सेयच्या बंदराला लागली. तिच्याबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 आणि 21 क्रमांकांच्या कंपन्याही होत्या. खंदक खणणे, पूल बांधणे हे त्यांचे काम, पण 28 ऑक्टोबरला नव शापेल गावात त्यांना पायदळासारखे झुंजायला लावले आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले. त्या कंपन्यांत मराठेही होते. थंडी, चिखल, अनोळखी भाषा, आणि घरून पत्र यायला महिना. या माणसांना त्रिकोणाखालच्या तंबूची गरज गोऱ्यांहून जास्तच होती. तरी सरकार राजी होईना.

यामागे 1857 होते. बराकपूरच्या 34 व्या पलटणीचा कर्नल व्हीलर शिपायांना उघडउघड ख्रिस्ताचा उपदेश करी. मंगल पांडे याच पलटणीचा. आपला धर्म बुडवायला निघाले आहेत हा संशय पसरायला काडतुसाच्या चरबीखेरीज असल्या साहेबांनीही हातभार लावला होता. 1858 च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले आणि त्यानंतर हिंदी पलटणींजवळ मिशनरी फिरकू द्यायचा नाही ही लष्कराची जवळजवळ सोवळ्याइतकी कडक शिस्त झाली. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी रुग्णालय केले तेव्हा तिथे धर्म आणि जात पाहून नऊ स्वयंपाकघरे मांडली होती आणि पाण्याचे नळसुद्धा वेगळे ठेवले होते. अशा सरकारकडे जाऊन ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ नावाच्या संस्थेने म्हणायचे की आम्हाला तुमच्या शिपायांत काम करू द्या!

परवानगी मिळाली ती अटींवर. प्रार्थना नाही, भजने नाहीत, बायबलवाटप नाही, धर्माचा विषयच नाही. ज्या संस्थेच्या नावातच ख्रिस्त, तिने ख्रिस्ताचे नाव काढायचे नाही. हिंदुस्थानातल्या वायएमसीएचे प्रमुख तेव्हा एडवर्ड कार्टर हे अमेरिकन गृहस्थ होते. त्यांनी अट स्वीकारली. संस्थेतल्या आणि चर्चमधल्या कडव्या मंडळींना ही तडजोड पचणे जड गेले असणार. उपदेश नसेल तर मग आपण तिथे चहावाले म्हणून जायचे का, हा प्रश्न सरळ आहे. माझ्या मते उत्तरही सरळ होते: होय, चहावाले म्हणूनच.

मग त्या तंबूंत काय असे? ग्रामोफोन आणि हिंदी गाण्यांच्या तबकड्या. फुटबॉल, हॉकी. पडदा लावून सिनेमा. कामापुरते फ्रेंच शिकवण्याचा वर्ग, कारण दुकानात अंडी मागायची तरी भाषा हवी. आणि लिहून देणारा माणूस. ही शेवटची सोय सर्वांत मोठी होती. बहुतेक शिपाई निरक्षर. पत्र लिहायचे तर पलटणीतल्या लिहित्या माणसाची मनधरणी करायची आणि आपल्या घरचे सगळे त्याच्या कानावर घालायचे. शेतीचा वाद, भावाने परस्पर विकलेला बैल, बायकोचे माहेरी जाऊन बसणे. तंबूतला सेक्रेटरी परका होता, पलटणीतला नव्हता. ऐकून घेई, लिही आणि विसरून जाई. त्याला तिथे जे काही धर्मकार्य करता आले असेल ते बहुधा एवढेच, ऐकलेले पोटात ठेवणे.

त्या पत्राला आणखी एक वाचक असे. हिंदी टपालाचा सेन्सॉर कॅप्टन हॉवेल याच्या कचेरीत पत्रांचे इंग्रजी तर्जुमे होत, आणि त्या तर्जुम्यांमुळेच आज आपल्याला त्या शिपायांचे आवाज ऐकू येतात. शिपायांनाही सेन्सॉर ठाऊक होता. म्हणून ते काळ्या मिरीची आणि लाल मिरचीची खबर लिहीत: काळी मिरी म्हणजे आपली माणसे, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी फार खपली, जपून वापरा, असा निरोप वाचून गावाकडचा भाऊ समजायचे ते समजून जाई.

फ्रान्समधल्या तंबूंत काम करणाऱ्यांत डॉ. एस. के. दत्ता यांच्यासारखे हिंदी ख्रिस्तीही होते. साहेबाने काळ्या शिपायावर दया करायची, या जुन्या चित्रात त्यामुळे थोडी चीर पडली. 1916 मध्ये कार्टर यांच्या जागी के. टी. पॉल आले, हिंदुस्थानच्या वायएमसीएचे पहिले हिंदी प्रमुख.

मराठी वाचकाला या सगळ्याचा खरा धागा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात सापडतो. 103, 105, 110, 114, 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिथे लढल्या. त्यांतल्या तीन, 103, 110 आणि 117, जनरल टाउनशेंडबरोबर कुत अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, पाच महिने. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली आणि हिंदी शिपायांनी घोड्याच्या मांसाला हात लावायचे नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून संमती मागवून ती त्यांना कळवली गेली, तरी पुष्कळांनी शेवटपर्यंत टाळले आणि ते अस्थिपंजर झाले. भुकेपुढेही धर्म मागे हटत नाही हे ज्या अधिकाऱ्यांनी कुतला पाहिले, त्यांना वायएमसीएवरची अट उगाच घातलेली नव्हती हे पटले असेल. वेढा पडलेल्यांपर्यंत अर्थातच कुठलाही तंबू पोचला नाही. पण बसरा, अमारा आणि पुढे बगदाद इथे वायएमसीएची केंद्रे होती. तिथे शिपायांचे हाल खंदकापेक्षा उन्हाने आणि माश्यांनी जास्त होत. सावली आणि थंड पाणी या तिथल्या चैनीच्या वस्तू होत्या.

याच युद्धाची दुसरी बाजू ईशान्येत दिसते आणि ती एवढी गोड नाही. 1917 मध्ये फ्रान्सला मजूर हवे होते. नागा, लुशाई, खासी, संथाळ, उरांव, मुंडा यांच्या तुकड्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत त्यांची भाषा जाणणारे मिशनरी निघाले. मणिपूरच्या उखरूलचे रेव्हरंड विल्यम पेटिग्रू तांगखुल नागांच्या भरतीत पुढे होते आणि त्यांच्याबरोबर फ्रान्सलाही गेले. परमुलखात आपली भाषा बोलणारा एक माणूस सोबत असणे ही केवढी सोय, हे कबूल. पण मजुराला गावातून उचलणारा हात आणि फ्रान्समध्ये त्याला धीर देणारा हात एकच असेल तर त्या धीराला काय म्हणायचे? त्याच मणिपुरात कुकींनी या भरतीला नकार दिला आणि 1917 ते 1919 अशी दोन वर्षे इंग्रजांशी युद्ध केले. परतलेल्या नागांनी 1918 मध्ये नागा क्लब काढला, आणि पुढच्या नागा राजकारणाचे मूळ तिथे शोधतात. मिशनच्या पंखाखाली फ्रान्सला गेलेली माणसे काय घेऊन परत येतील याचा हिशेब कुणाच्या वहीत नव्हता.

अमेरिका 1917 मध्ये युद्धात उतरली आणि सेवेच्या क्षेत्रात चक्क बाजार भरला. ऑक्टोबर 1917, फ्रान्समधले माँतिये-सूर-सो हे खेडे. पावसाने झोडपलेली छावणी, पोरे घरच्या आठवणीने सुतकी चेहरे करून बसलेली. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या दोन बायका, हेलन पर्व्हियान्स आणि मार्गारेट शेल्डन, यांच्याजवळ सामान काय तर पीठ, साखर, चरबी, डब्यातले दूध आणि फुगवायची पावडर. केकला भट्टी नाही. तेव्हा दारूच्या बाटलीचे लाटणे केले आणि पर्व्हियान्सबाई बुटक्या चुलीपुढे गुडघ्यांवर बसून सात-सात डोनट तळू लागल्या. डोनट म्हणजे मेदूवड्यासारखा भोकाचा, पण मैद्याचा आणि गोड. वास छावणीभर गेला, भर पावसात रांग लागली. पहिल्या दिवशी 150 झाले, आणि पुष्कळ पोरे हात हलवत परत गेली. फ्रान्सला गेलेले साल्व्हेशन आर्मीचे लोक सगळे मिळून अडीचशेच्या घरात. तरी युद्धानंतर अमेरिकन शिपायाच्या तोंडी नाव होते ते त्यांचेच.

त्याच्या कित्येक पट काम वायएमसीएने केले आणि पदरात शिव्या पाडून घेतल्या. जनरल पर्शिंगने सैन्याची कँटीने चालवायचे काम 1917 मध्ये तिच्या गळ्यात घातले होते. म्हणजे सिगारेट विकायची, पैसे घ्यायचे, किंमत लष्कराच्या दुकानापेक्षा जास्त, कारण वाहतुकीचा खर्च अंगावर. भरीस भर म्हणून काही खोक्यांत लोकांनी फुकट वाटायला पाठवलेल्या सिगारेटी विक्रीच्या मालात मिसळल्या गेल्या. शिपायाने पैसे मोजून पाकीट उघडावे आणि आत चिठ्ठी निघावी की ही आमच्याकडून भेट! चूक संस्थेची नव्हती, पण असली चिठ्ठी वाचलेल्या माणसाला हिशेब समजावून सांगायला कोण जाणार. कॅथलिकांच्या नाइट्स ऑफ कोलंबस संघटनेने त्याच वेळी आपल्या दारावर सर्वांना मुक्तद्वार आणि सारे फुकट अशी पाटी लावली होती. त्या अमेरिकन वायएमसीएचे फ्रान्समधले प्रमुख हेच आपले कार्टर. मनाई असलेल्या हिंदी तंबूंत ज्यांचे बस्तान बसले, त्यांची मोकळीक असलेल्या अमेरिकन कँटीनांत अशी फजिती झाली. नोव्हेंबर 1918 मध्ये ख्रिस्ती, ज्यू आणि धर्माशी संबंध नसलेल्या मिळून सात संस्थांनी एकत्र झोळी फिरवली. लक्ष्य 17 कोटी डॉलरचे होते, त्याहून बरेच जास्त जमले. 1941 मध्ये त्याच धर्तीवर सैनिकांची करमणूक करणारी यूएसओ ही संस्था निघाली. तिच्या नाचगाण्यांबद्दल सगळ्यांना माहिती आहे, ते इथे सोडून देतो.

पाद्र्यांबद्दल मात्र सोडून देता येत नाही. सैन्यातला धर्मगुरू हा गणवेशातला, पगारी, हुद्द्याचा माणूस. 1915 मध्ये लंडनचे बिशप विनिंग्टन-इंग्रम यांनी जर्मनांना ठार मारा, वाईटांबरोबर चांगल्यांनाही मारा, अशा अर्थाचे प्रवचन दिले होते. पलीकडच्या जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलावर देव आमच्यासंगे असे कोरलेलेच होते. असल्या बाजारात जेफ्री स्टडर्ट केनेडी हा पाद्री रुआँच्या स्टेशनावर आघाडीकडे निघालेल्या गाड्यांपाशी उभा राहून ‘वुडबाइन’ छापाच्या स्वस्त सिगारेटी आणि नव्या कराराच्या प्रती वाटत असे. शिपायांनी त्याचे नाव ‘वुडबाइन विली’ ठेवले. 1917 मध्ये मेसीनच्या लढाईत जखमींना आणायला तो गोळीबारात पळाला आणि त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. युद्धानंतर तो युद्धाविरुद्धच बोलू लागला. 1929 मध्ये त्याच्या अंत्ययात्रेच्या गाडीवर लोकांनी वुडबाइनची पाकिटे टाकली. नव्या कराराची आठवण कुणी काढल्याचे वाचनात नाही.

युद्धच पाप मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा पेच याहून अवघड होता. बंदूक हाती घ्यायची नाही, पण बंदूक घेतलेला माणूस समोर विव्हळत पडला तर? 1914 मध्ये त्यांच्यातल्या तरुणांनी फ्रेंड्स अ‍ॅम्ब्युलन्स युनिट काढले. ऑक्टोबरच्या अखेरीस ते डंकर्कला पोचले तेव्हा रेल्वेच्या शेडमध्ये गवतावर हजारो जखमी टाकलेले होते. ते लगेच पट्ट्या बांधायला बसले. त्यांच्यातल्याच काहींना हेही पटले नाही: जखमी बरा करायचा म्हणजे त्याला पुन्हा खंदकात धाडायचा, मग युद्धाला मदतच झाली की! या आक्षेपाला पुरे पडेल असे उत्तर मला आजवर कुणाकडून मिळालेले नाही. दुसऱ्या महायुद्धात सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या डेस्मंड डॉसने आपल्यापुरते उत्तर काढले. सैन्यात जाईन, शस्त्र शिवणार नाही. सोबत्यांनी त्याला छळले. मे 1945 मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने दोर लावून एकेक करत सुमारे 75 जखमी खाली उतरवले. अमेरिकेच्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळाच्या गावात 1969 पासून क्वेकरांचे एक घर आहे. सैन्य सोडू पाहणाऱ्याला कायद्याची वाट दाखवायची आणि सैनिकांच्या घरातल्या मारहाणीने गांजलेल्यांना आधार द्यायचा, हे तिथले काम. सैनिकांना पाठिंबा या शब्दांत हेही बसवायला हवे.

आपल्याकडे 1962 च्या युद्धात घरोघरी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्याला कुणी धर्मकार्य म्हटले नाही. जायबंदी सैनिकांना हातचे कसब शिकवणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही 1917 ची संस्थाही धर्माच्या नावावर उभी राहिली नव्हती. भारतीय सैन्यात आज पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री असे धर्मशिक्षक असतात आणि पलटणीच्या घडणीप्रमाणे त्यांची नेमणूक होते. बाहेरच्या संस्थेने तंबू टाकायची वेळ आता येत नाही.

युरोपात मात्र युद्ध आणि धर्म पुन्हा समोरासमोर आले आहेत. मॉस्कोजवळ 14 जून 2020 रोजी रशियन सशस्त्र दलांचे भव्य कॅथीड्रल पवित्र करण्यात आले. 25 सप्टेंबर 2022 च्या प्रवचनात पॅट्रिआर्क किरिल यांनी लष्करी कर्तव्य बजावताना आलेले मरण सारी पापे धुऊन काढते असे सांगितले. युक्रेनने 2021 च्या अखेरीस लष्करी धर्मगुरूंचा कायदा केला, तो 2022 मध्ये अमलात आला. त्यांचे धर्मगुरू शस्त्र बाळगत नाहीत. तिथल्या चर्चच्या तळघरांत बायका छलावरणाच्या जाळ्या विणतात. अफगाण चर्चच्या बाकाची खाच आणि ही जाळी यांत अंतर किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे. माझ्या लेखी पापक्षालनाचे आश्वासन आणि जाळी यांतले अंतर त्याहून मोठे आहे.

बेल्जियममधले पोपरिंगे हे बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांचे गाव. पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीमागे जेमतेम बारा किलोमीटरवर असल्याने ते ब्रिटिश सैन्याने गजबजून गेले. तिथे डिसेंबर 1915 मध्ये नेव्हिल टॅल्बट आणि फिलिप क्लेटन या दोन पाद्र्यांनी एक घर भाड्याने घेऊन उघडले. टॅल्बटचा धाकटा भाऊ गिल्बर्ट त्याच जुलैत हूगला मारला गेला होता, म्हणून नाव टॅल्बट हाउस. सिग्नलवाल्यांच्या बोलीत त्याचे ‘टॉक एच’ झाले. दारावर पाटी होती की हुद्दा बाहेर ठेवून आत या. ग्रंथालयातले पुस्तक हवे तर आपली टोपी ठेवायची; टोपीवाचून शिपायाला छावणीत परतता येत नाही, म्हणून पुस्तक हमखास परत येई. जिन्यापाशी एक फळा होता, त्यावर शिपाई आपल्या हरवलेल्या मित्रांसाठी चिठ्ठ्या टोचून जात: अमुक पलटणीचा अमुक, तू इथे आलास तर मी अजून आहे. बाग होती, तिथे युद्धाचे बोलायचे नाही. अगदी वर, हॉप्स साठवायच्या माळ्यावर प्रार्थनेची जागा, आणि वेदी म्हणून सुताराचे जुने बाक. ज्याला जायचे त्याने तो उभा जिना चढायचा. खालच्यांना कुणी वर बोलावत नसे. घर आजही आहे. पाहायला येणाऱ्याला तिथे चहा मिळतो.

त्या घरापासून थोड्याच अंतरावर गावाचे टाउन हॉल आहे. त्याच्या एका अंगाला दोन कोठड्या जपून ठेवल्या आहेत. भिंतींवर कैद्यांनी ओरखडून ठेवलेली नावे, तारखा, पलटणींचे क्रमांक दिसतात. पळून गेला, भ्याला, हुकूम मोडला, अशा गुन्ह्यांसाठी देहदंड झालेले शिपाई शेवटची रात्र इथे काढत. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने अशा 306 जणांना आपल्याच माणसांकडून गोळ्या घालवल्या. 2006 मध्ये त्यांना माफी मिळाली. कोठडीत रात्रभर सोबतीला पाद्री असे. तो शिपायाचे घरी पाठवायचे पत्र लिहून घेई, सिगारेट पेटवून देई, पहाटे अंगणापर्यंत त्याच्याबरोबर चालत जाई. अंगणात शिपायाला बांधायचा खांब आहे.